दोन शुक्रवार साधा: व्हाँदोमच्या बाजाराला जायचं तर

व्हाँदोमची तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. फ्रान्समध्ये ल्वार दोन आहेत. उच्चार अगदी एकच, पण एक ‘ती’ आणि दुसरा ‘तो’. ती ल्वार म्हणजे देशातली सर्वांत लांब नदी, जिच्या काठचे राजवाडे बघायला बसा भरभरून माणसं जातात. तो ल्वार तिच्या उत्तरेला, सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, शेतांतून वळणं घेत जातो आणि सार्त नदीत शिरून शेवटी त्या मोठ्या ल्वारच्याच पाण्यात मिसळतो. आपण शोणाला नद म्हणतो ना, तसा हा नद, आणि व्हाँदोम गाव याच्याच काठी. त्यांच्या लिपीत नावाच्या शेवटी ‘ई’ असेल तर नदी, नसेल तर नद. या एका ‘ई’पायी आमच्या ह्यांनी भलत्याच गावात खोली ठरवली होती. लेकीनं वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नाहीतर रात्री नऊ वाजता परक्या गावात कुणाच्या तरी बंद फाटकासमोर आम्ही बॅगा घेऊन उभे असतो.

मी ग्वाल्हेरची. तिथल्या लष्कर भागात, दौलतगंजात आमचं घर. एजी म्हणजे महालेखापालांच्या ऑफिसात छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आता निवृत्त. लेक तूरच्या विद्यापीठात शिकते. (तूर हे शहराचं नाव. घरात तीन महिने डाळीचे विनोद झाले, आता पुरे.) तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, पॅरिस दोन दिवस पुरे, मला व्हाँदोमला जायचंय.

कारण पेराँ, शिंद्यांच्या चाकरीतला फ्रेंच सेनापती. हे नाव आमच्या घरात अजून निघतं, आणि चांगल्या सुरात निघत नाही. महादजी शिंद्यांनी द ब्वान या युरोपी सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. १७९६ मध्ये द ब्वान मायदेशी निघाला आणि त्या फौजेची सूत्रं पेराँकडे आली. त्याच्या आदल्या वर्षी खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या पलटणी यानेच चालवल्या होत्या. एका वेढ्यात हातगोळा फुटून त्याचा हात गेलेला. हिंदुस्थानात आल्यावर सुरुवातीची चाकरी त्याने केली ती गोहदच्या राण्याकडे, म्हणजे आमच्या दारापासून तास-दीड तासावर. आणि १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांशी युद्ध पेटलेलं असताना दौलतरावांना सोडून तो इंग्रजांच्याच आश्रयाला गेला. आजोबा त्याला ‘थोटा’ म्हणायचे, त्यापुढचा शब्द लिहिण्यासारखा नाही. हा माणूस ल्वारकाठच्या शातो-द्यु-ल्वार गावचा. लहानपणी रुमाल विकत फिरायचा असं सांगतात. परत गेल्यावर त्याने व्हाँदोमच्या मुलखात फ्रेन नावाची गढी घेतली आणि १८३४ मध्ये तिथेच मेला. आपल्याकडचा पैसा कुठल्या मातीत जाऊन मुरला, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

ते बघितलं. त्याचं पुढे सांगतेच. पण गावाची खरी ओळख पटली ती बाजारात, आणि तीही दुसऱ्या खेपेला. म्हणून माझा मुख्य सल्ला हाच: गुरुवारी पोहोचा आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी निघा. व्हाँदोमचा मोठा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो. मध्ये दोन शुक्रवार आलेच पाहिजेत. पहिल्या शुक्रवारी आपण बावळटासारखे फिरतो, दुसऱ्या शुक्रवारी गिऱ्हाईक होतो. दोन रात्रींत दहा वाडे बघणाऱ्या सहलीवाल्यांना हे सांगून उपयोग नाही.

महिना सप्टेंबर धरा. गणपती उठले की निघायचं. तेव्हा बाजारात उन्हाळ्यातले टोमॅटो संपलेले नसतात आणि द्राक्षं, अंजिरं, पेअर, आलुबुखारे सुरू झालेले असतात. शिवाय सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारशाचे दिवस असतात. एरवी बंद असलेल्या कितीतरी जुन्या वास्तू तेव्हा लोकांसाठी उघडतात.

व्हिसाचं थोडक्यात. दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी येता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा हवा. मुलाकडे किंवा मुलीकडे उतरणार असाल तर तिथल्या नगरपालिकेतून त्यांनी यजमानपत्र काढायचं असतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते काम आधी लावून द्या.

पॅरिसच्या माँपारनास स्थानकातून टीजीव्ही ही वेगवान गाडी पाऊण तासात आणून सोडते. फक्त ती थांबते ते स्थानक गावात नाही, पाचेक किलोमीटर दूर शेतांमध्ये आहे. टॅक्सी आधी सांगून ठेवा, बाहेर रिक्षावाले घोळका करून उभे नसतात. गावातलं जुनं स्थानक वेगळं. तूरहून येणारी साधी गाडी तिथे येते आणि तिथून बाजारचौक चालत गाठता येतो. आम्ही तीच घेतली.

गुरुवारची संध्याकाळ गाव पायाखाली घालण्यात घालवा. व्हाँदोममध्ये ल्वारचे फाटे फुटतात आणि घरांच्या मागच्या भिंती धुत गावभर फिरतात. कुठल्याही गल्लीत शिरा, पुढे छोटा पूल आलाच. एका फाट्यावर कपडे धुण्याचा जुना लाकडी घाट आहे, पाण्यालगत छपराखाली. मी तिथे बराच वेळ बसले. आमची स्वर्णरेखाही गावातूनच जाते, पण तिच्याकडे पाठ करून बसायची सवय लागली आहे आम्हाला.

त्रिनिते नावाच्या मठाच्या चर्चसमोर उभं राहिलात की दगडाला ज्वाळा लागल्यासारखं दिसेल. ती दर्शनी भिंत सोळाव्या शतकाच्या आरंभीची, जाँ द बोस या कारागिराची. शार्त्रच्या चर्चच्या उत्तरेकडच्या मनोऱ्याचं उंच शिखरही त्याचंच. बाजूचा घंटाघर-मनोरा मात्र बाराव्या शतकातला, आणि चर्चला न चिकटता एकटा उभा आहे. आत गेलात तर भिक्षूंच्या लाकडी आसनांकडे नक्की जा. आसनाची फळी उचलली की खाली कोरीवकाम दिसतं, त्यात शेतकामं आहेत, घरकामं आहेत. देवाच्या घरात, तेही बसण्याच्या जागेखाली, कुणबी कोरून ठेवलेत.

आता शुक्रवार.

साडेआठला पोहोचा. साडेबारानंतर आवराआवर सुरू होते आणि एकला चौक धुवायला लागतात. सँ-मार्तँ चौकात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दुकानं लागतात, शिवाय झाकलेली मंडई आहे. चौकात सेनापती रोशांबोचा पुतळा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनच्या जोडीला फ्रेंच फौज घेऊन लढलेला, याच गावात १७२५ मध्ये जन्मलेला. चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून हा पुतळा ठरवून टाका. आमचे हे तिथे तीनदा सापडले.

पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. पाकीट काढू नका. या फेरीत बघायचं ते हे, की कोण स्वतः पिकवतो आणि कोण दुसऱ्याचं आणून विकतो. आमच्या लक्ष्मीगंजच्या मंडीत जे डोळे लागतात तेच इथेही लागतात. ज्याच्याकडे केळी, लिंबं, आंबा, टोमॅटो सगळं एका मापाचं चकचकीत आहे, तो घाऊक बाजारातून आणतो. केळी काही ल्वारकाठी होत नाहीत. ज्याच्या फळकुटावर चारच जिनसा आहेत, मुळ्यांना माती आहे, भोपळे वेडेवाकडे आहेत आणि माणसाच्या नखांत काळं आहे, त्याच्याकडे रांग लावा. पाटीवर माल कुठला ते लिहिलेलं असतं, आणि ‘प्रोद्युक्तर’ हा शब्द दिसला तर तो स्वतः पिकवणारा.

दुसऱ्या फेरीत खरेदी. नियम असे.

तोंड उघडलं की आधी ‘बाँझूर’. भाव विचारण्याआधी, बोट दाखवण्याआधी. हे न म्हणता मी थेट ‘हे कितीला?’ विचारलं, तर भाजीवाल्या बाईनं माझ्याकडे बघून सावकाश ‘बाँझूर, मादाम’ म्हटलं आणि थांबली. मी बाँझूर म्हटल्यावरच भाव सांगितला. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मी लोकांना असंच थांबवत होते, त्यामुळे राग आला नाही.

मालाला हात लावायचा नाही. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या हातांना हे जड जातं. तुम्ही सांगायचं, ती निवडून देणार. पण ती वाईट देत नाही. उलट खरबूज घेताना तिने मला विचारलं, ‘आजसाठी की उद्यासाठी?’ म्हणजे कधी कापणार. आजसाठी म्हटलं तर देठाशी वास घेऊन पिकलेलं देते, उद्यासाठी म्हटलं तर जरा कडक. चीजवालेही हेच विचारतात. इतक्या वर्षांच्या बाजारहाटात मला हा प्रश्न कुणी केला नव्हता.

भाव करायचा नाही. हे मी ह्यांना विमानात, आगगाडीत आणि चौकाच्या तोंडाशी असं तीनदा बजावलं होतं. बाजार उठताना मात्र उरलेला माल काहीजण स्वतःहून स्वस्तात लावतात, तेव्हा थांबलं तर चालतं. फुकट कोथिंबिरीचा मोह मला आवरला नाही. खुणेनं मागितली, तर पार्सलीच्या चार काड्या मिळाल्या. कोथिंबिरीची चुलत बहीण, वास कमी आणि रुबाब जास्त.

वजनात ‘लिव्हर’ म्हणजे अर्धा किलो, ‘बोत’ म्हणजे जुडी. रांग दिसत नसली तरी असते. आपल्या आधी कोण आलंय ते लक्षात ठेवायचं आणि ‘आता कुणाची पाळी’ असं विचारलं की बोट वर. पिशवी घरची न्या, सुटी नाणी जवळ ठेवा.

आता चीज. या भागात शेळीच्या दुधाचं राज्य आहे. सेंत-मोर हे काकडीएवढं लांबट, आणि त्याच्या पोटातून गव्हासारख्या एका धान्याची, राईची, काडी आरपार घातलेली. काडीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते, ती बघूनच घ्या. सेल-सुर-शेर हे चपटं, कोळशाच्या भुकटीत लोळवलेलं, त्यामुळे वरून राखाडी आणि आत पांढरंशुभ्र. पहिल्यांदा घेताना कोवळं मागा. जुनं झालं की ते शेळीसारखंच बोलायला लागतं. एक मात्र सांगायला हवं: ही चीजं वासराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रसानं दूध फाडून करतात. आमच्यासारखे मासे-मटण खाणारे असाल तर प्रश्न नाही. घरात कडक शाकाहार असेल तर विकणाऱ्याला ‘प्रेझ्युर व्हेजेताल’ आहे का विचारा. बहुधा नसतं.

शाकाहारी मंडळींसाठी आणखी दोन सापळे. बाजारात कोंबड्या फिरत्या सळईवर भाजत असतात आणि खाली पातेल्यात बटाटे ठेवलेले असतात. वास असा येतो की पाय थांबतात. ते बटाटे वरून टपकणाऱ्या चरबीत शिजतात. दुसरं म्हणजे खानावळीत नुसतं ‘व्हेजेतारियँ’ म्हणून भागत नाही, कारण काहींच्या मते मासा त्यात बसतो. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ’ असं म्हणा, मांस नको आणि मासाही नको. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, ते ‘लार्दाँ’. तेही नको म्हणून सांगा. सगळ्यांत निर्धास्त पदार्थ म्हणजे ‘गालेत’, कुट्टूच्या पिठाचं मोठं पातळ धिरडं. होय, आपल्या उपासाचाच कुट्टू. ह्यांनी त्या दिवशी एकादशी जाहीर करून दोन खाल्ली. आत चीज, अंडं आणि मशरूम होतं. एकादशी कुठल्या पंचांगातली ते विचारलं नाही.

जेवणाची वेळ पाळा. बारा ते दोन. अडीचला गेलात तर खुर्ची मिळेल, जेवण मिळणार नाही. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नाहीतर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. सोमवारी अर्धं गाव बंद असतं, रविवारी दुपारी तर सगळंच. शनिवारीच पाव, दूध, फळं भरून ठेवा.

आता आसपास. मधल्या दिवसांत सगळं करायला जाऊ नका. एक बुधवार माँत्वार गावासाठी ठेवा, कारण तिथला बाजार बुधवारी असतो. व्हाँदोमपासून वीसेक किलोमीटर. बस आहे, पण मोजकी. परतीची वेळ आधी लिहून घ्या. मोटार भाड्याने घेतलीत तर सुटलात. सायकल चालवणाऱ्यांसाठी नदाकाठाने खुणा केलेला मार्गही आहे. माँत्वारचा चौक व्हाँदोमहून मोकळा, बाजार लहान, पण विकणारे जास्त गप्पिष्ट.

या निवांत गावाचं नाव इतिहासात आलं ते रेल्वे स्टेशनामुळे. २४ ऑक्टोबर १९४० ला हिटलर आणि फ्रान्सचा तेव्हाचा प्रमुख पेतँ इथे भेटले आणि हस्तांदोलनाचा तो फोटो जगभर गेला. एवढंसं स्टेशन का निवडलं? जवळच सँ-रिमेचा बोगदा आहे. विमानं आली तर हिटलरची गाडी आत लपवता यावी म्हणून. स्टेशनात आता छोटं संग्रहालय आहे. आम्ही फलाटावर उभे होतो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

माँत्वारहून लाव्हार्दँ अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर. टेकडीवर किल्ल्याचा उभा चिरलेला बुरूज आहे. चौथ्या हेन्रीच्या काळात, १५९० मध्ये, तो पाडून टाकला. खाली जुना पूल आणि सँ-जनेचं चर्च. चर्चच्या खांबांवर, भिंतींवर बाराव्या शतकापासूनची चित्रं आहेत, गेरू आणि पिवळी माती असे आपल्या ओळखीचे रंग. तिकीट नाही, गर्दी नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं बसा, मग भिंती बोलतात.

त्रो मात्र चुकवू नका. माँत्वारच्या पुढे सहा किलोमीटर. अख्खा डोंगर मऊ पांढऱ्या चुनखडीचा, तुफो म्हणतात त्याला. त्यात लोकांनी घरं कोरली आहेत आणि अजून राहतात. दारापुढे फुलांच्या कुंड्या, खिडकीला पडदा, आणि छपराच्या जागी वर डोंगर, त्यातून निघालेलं धुराडं. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात तीर्थंकर कोरले. इथे माणसांनी कड्यात स्वयंपाकघर कोरलं. वर एक विहीर आहे, पंचेचाळीस मीटर खोल, तिला ‘बोलकी विहीर’ म्हणतात. तोंड आत घालून बोललं की आवाज सगळा परत येतो. ह्यांनी ‘हर हर महादेव’ केलं. मागून येणाऱ्या फ्रेंच जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. त्रोचे जिने उंच आहेत आणि पावसात निसरडे होतात. गुडघ्यांची तक्रार असेल तर वरपर्यंत मोटारीने जाऊन उतरत या, चढू नका.

आणि पेराँ. फ्रेनची गढी ओतों गावाजवळ आहे, व्हाँदोमहून दक्षिणेला. गढी कुणाची तरी खाजगी मालमत्ता असली की फाटकातून आत डोकावत राहू नये, एवढी रीत पाळा. आत जायचंच असेल तर वारशाच्या दिवसांत काय काय उघडं आहे ते व्हाँदोमच्या पर्यटन कचेरीत आधी विचारा. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. झाडं, कुरणं, लांबवर गाई. मला वाटलं होतं काहीतरी रागाचं मनात येईल. आजोबांची शिवीही आठवली. पण ह्यांनी हिशेब मांडला, की इथून गोहदला जायला त्याला किती महिने लागले असतील, आणि आपण काल रात्रीचे पोळीचे तुकडे खाऊन दुपारच्या बसची वाट बघतोय. मग आम्ही त्याच्या कुंपणाबाहेर बसून चिवडा खाल्ला.

चिवड्यावरून आठवलं: घरचा चिवडा जास्तीचा न्या. दुसऱ्या शुक्रवारी चीजवाल्या बाईला आणि त्या बाँझूरवाल्या भाजीवालीला एकेक पुडी दिली. कढीपत्त्याचं पान तिने बाजूला काढलं, वास घेतला, आणि शेजारच्या मधवाल्याला दाखवायला घेऊन गेली. मधवाला माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक बोलला. लेक सोबत नव्हती. मी ‘मेर्सी’ म्हटलं, ते बहुतेक ठिकाणी चालतं.

मग मी खरबुजाकडे बोट दाखवलं. तिने तोच प्रश्न केला आणि या वेळी मी न अडखळता उत्तर दिलं: आजसाठी. उद्या सकाळची गाडी होती.